पांडे मॅमची पत्र्याची आर्ट रूम

गणिताच्या सरांच्या घरी वह्यांचे गठ्ठे जायचे, सायन्सच्या बाईंच्या घरी टेस्ट पेपर. माझ्या घरी किस्से यायचे! वह्या तपासून दुसऱ्या दिवशी परत करता येतात. किस्से कोणाला परत करणार? साचत गेले. ड्रॉइंगच्या तासाला बाईंचे हात मोकळे असतात आणि कान उघडे. त्यात मुलं मान खाली घालून रंगवायला लागली की जे बोलतात, ते दुसऱ्या कुठल्याच तासाला बोलत नाहीत. आता दिल्लीत मयूर विहारच्या आमच्या सोसायटीत चार मराठी घरं एकत्र जमली आणि मी "एकदा काय झालं" म्हटलं, की आमचे हे मुकाट्याने उठून गॅसवरची भाजी बंद करून येतात.

नव्वदच्या दशकाची सुरुवात होती. दिल्लीशेजारच्या नोएडात रोज एक नवा सेक्टर उठत होता. आमच्या शाळेच्या एका अंगाला मोहरीचं पिवळंधमक शेत होतं आणि दुसऱ्या अंगाला सिमेंट कालवणारं मशीन. अर्धी शाळा भरत होती, अर्धी अजून बांधली जात होती. बांधकामाची सिमेंटची पोती ठेवायला एक पत्र्याची शेड होती. ती रिकामी झाली आणि दारावर पाटी लागली, "आर्ट रूम". चौथी ते सहावीची मुलं माझ्याकडे. उन्हाळ्यात पत्रा तडतडायचा, थंडीत रंगाचं पाणी बर्फासारखं गार पडायचं. पण त्या शेडमध्ये मी जे बघितलं, ते पुढे मोठमोठ्या गॅलऱ्यांतसुद्धा बघायला मिळालं नाही. अगदी खरं सांगते.

माझं आडनाव देशपांडे. दिल्लीत हे आडनाव एका दमात कोणी म्हणत नाही. पहिल्याच आठवड्यात चौथीतल्या एकाने हात वर केला.

"मॅम, आप किस देश की पांडे हो?"

त्या दिवसापासून मी पांडे मॅम!

*

पहिला धडा म्हणून मी सांगितलं, निसर्गचित्र काढा. सगळ्या वर्गाने एकच चित्र काढलं. दोन डोंगर, मधून सूर्य, खाली नदी, नदीकाठी झोपडी. नोएडा परातीसारखं सपाट! यातल्या निम्म्या पोरांनी डोंगर फक्त कॅलेंडरवर बघितलेला.

मी सगळ्यांना शाळेच्या गच्चीवर नेलं. म्हटलं, इथून जे दिसतं तेच काढायचं, आणि जे दिसत नाही ते अजिबात काढायचं नाही.

पाचवीतली पूनम बराच वेळ नुसती बघत राहिली. मग तिने समोरची नवी घरं काढली. प्रत्येक घराच्या गच्चीवर लोखंडी सळया, आभाळाकडे तोंड करून उभ्या. पुढेमागे वरचा मजला चढवायचा म्हणून लोक तशाच सोडून देतात ना, त्या. सळया इतक्या नाजूक आणि इतक्या दाट काढल्या होत्या, की गच्च्यांवर गवत उगवल्यासारखं वाटत होतं.

मी म्हटलं, "पूनम, ये तो बहुत सुंदर है. लेकिन हर घर पर क्यों?"

"क्योंकि मॅम, पूरा घर तो यहाँ किसी का है ही नहीं," ती म्हणाली. "हमारा बाकी का, भैया की शादी के बाद आएगा."

मी रोज त्याच सळयांखालून बसने येत-जात होते. मला त्या कधी दिसल्याच नव्हत्या.

*

आमच्या प्रिन्सिपल मिसेस बक्षी. कडक इस्त्रीची साडी, चष्म्याला सोनेरी साखळी, आणि वर्गात शिरल्या की पंखेसुद्धा हळू फिरतात असं वाटायचं. मे महिन्यात एकदा राउंडवर आल्या. चौथीतला गुरप्रीत आभाळ रंगवत होता. खाकी रंगात! पोलिसाच्या गणवेशासारखं आभाळ.

बक्षी मॅडम वाकल्या. "बेटा, आसमान का रंग कौन सा होता है? ब्लू, ना?"

गुरप्रीतने अगदी आदराने खिडकीकडे बघितलं. बाहेर राजस्थानकडची धूळ उठली होती. शेत, रस्ता, झाडं, सगळं एकाच मळकट रंगात बुडालेलं. मग त्याने मॅडमकडे बघितलं.

"मॅडम जी, वो छुट्टियों वाला आसमान होता है."

मॅडम सरळ झाल्या. जाताना मला दाराशी हळूच म्हणाल्या, "ही इज राइट, यू नो. मैं शिमला की हूँ."

*

अंकुर आणि अंकित, पाचवीतले जुळे. एकाला झाका, दुसऱ्याला काढा! गणिताचे त्यागी सर बिचारे वर्षभर एकाच्या चुकीसाठी दुसऱ्याला उभं करायचे, आणि दोघंही इतके सज्जन की कोणी तक्रार करायचा नाही.

एकदा मी सांगितलं, शेजारच्या मुलाचा चेहरा काढा. अट एकच. कागदाकडे कमी बघायचं, चेहऱ्याकडे जास्त. हे दोघे एका बाकावर. वर्ग हसायला लागला. कोणीतरी ओरडलं, "मॅम, इनको तो शीशा दे दो!"

अंकित खरोखर दुखावला. "हम तो बिल्कुल अलग दिखते हैं, मॅम."

आणि दोघांनी चित्रं काढली. काय सांगू! अंकितने काढलेल्या अंकुरची डावी भुवई जरा वर, सतत काहीतरी विचारणारी. अंकुरने काढलेल्या अंकितचा खालचा ओठ थोडा पुढे, बोलायच्या तयारीत. मी चित्रांवरून मुलांकडे बघितलं. भुवई वर! ओठ पुढे! एका बैठकीत ती दोन मुलं माझ्यापुरती कायमची वेगळी झाली. आईबापांना बाळपणापासून जे दिसलं असेल, ते आम्हा सगळ्यांना त्या दोन कागदांनी दाखवलं.

ती चित्रं मी स्टाफ रूममध्ये लावली. दुसऱ्याच दिवशी बघते तर त्यागी सर एका जुळ्याला खांद्याला धरून भिंतीसमोर उभे. एकदा चित्राकडे बघतायत, एकदा मुलाकडे.

"भौंह नॉर्मल है," ते स्वतःशीच पुटपुटले. "अंकित! चल, सॉरी बेटा, तू जा. दूसरे को भेज."

*

विषय होता, "मेरे पापा". नवीन कंपन्या येत होत्या, लोकांना नवीन नोकऱ्या लागत होत्या, बाप रात्री उशिरा घरी येत होते. पोरांनी टाय काढले, ब्रीफकेस काढल्या, गाड्या काढल्या. श्रुतीने काढलं एक पांघरूण. पांघरुणाच्या एका टोकाला केस, दुसऱ्या टोकाला पाय.

"पापा कहाँ हैं?"

"यही तो हैं. संडे को ही मिलते हैं, और संडे को सोते हैं."

पालकसभेला वडील स्वतः आले. भिंतीवरचं चित्र बघून आधी मोठ्याने हसले, मग हसता हसता थांबले. मला म्हणाले, "ये मैं ले जाऊँ?" मी दिलं.

पुढच्या महिन्यात श्रुतीने न सांगता दुसरं चित्र आणलं. त्यात बाप बागेत झोपाळ्यावर बसलेला, आणि त्याचे डोळे बशांएवढे मोठे!

"श्रुती, इतनी बड़ी आँखें?"

"मॅम, मैंने भी पहली बार देखीं ना!"

*

आता नाझनीनचं. सहावीतली, बारीक चणीची, बोलणं मोजकं. विषय होता, "हमारी शाम". तिने मेणखडूंनी घर काढलं. अम्मी, अब्बू, दादी, टीव्ही, जमिनीवर अंथरलेल्या दस्तरख्वानावर मांडलेल्या ताटल्या, लाल, पिवळं, हिरवं, सगळं झगमगीत. वर्गातलं सर्वांत देखणं चित्र. मी पुढच्या बाकाकडे वळले. परत बघते तर ही काळा खडू घेऊन सगळ्या चित्रावर फिरवतेय! जोर लावून, कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत. शेजारची मुलगी रडकुंडीला आली. "मॅम, इसने सब खराब कर दिया!"

"नाझनीन, हे काय?" मी घाबरून मराठीतच बोलले.

"लाइट गई," ती शांतपणे म्हणाली.

वर्ग हसला. तिला हसू आलं नाही. तिने कंपास उघडला, कर्कटकाचं टोक काळ्यावर टेकवलं आणि खरवडलं. एक छोटीशी उभी रेघ. काळ्याखालून पिवळा उजळला. मेणबत्ती! मग तिच्या उजेडापुरतं, तेवढंच, हलक्या हाताने खरवडत गेली. दादीचं नाक, अम्मीची एक बांगडी, ताटलीची कड. बाकी सगळं अंधारात. पण ते तिथे आहे, हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं, कारण आम्ही ते आधी पाहिलं होतं!

हे तंत्र मला कलाशाळेत तिसऱ्या वर्षी शिकवलं होतं. हिने ते त्या पत्र्याच्या शेडमध्ये स्वतःचं स्वतः शोधून काढलं. मी विचारलं, "किसने सिखाया?"

तिला प्रश्नच कळला नाही. "मॅम, लाइट तो रोज़ जाती है."

*

शाळेबाहेरचा रस्ता नवा कोरा होता. सरळसोट, रिकामा, टोकाला धुरकट. दूरच्या गोष्टी लहान का दिसतात ते शिकवायला याहून चांगली जागा कुठली? पाचवीला गेटबाहेर फूटपाथवर बसवलं. सांगितलं, रस्त्याच्या दोन्ही कडा बघा, लांब जाऊन एका ठिपक्यात मिळतात. त्या ठिपक्यात सगळं नाहीसं होतं.

सगळ्यांनी ठिपका काढला. हर्ष नावाचा मुलगा मात्र पेन्सिल धरून बसून राहिला.

"मॅम, उस डॉट में कोई खड़ा हो, तो उसको हम क्या दिखेंगे?"

मी म्हटलं, "डॉट."

"मतलब हम भी गायब हैं?"

सगळ्या पेन्सिली थांबल्या. एवढ्याशा पोराने रस्त्याचं दुसरं टोक पकडून अख्खं जग उलटं करून माझ्या हातात दिलं होतं! तेवढ्यात हर्ष उभा राहिला आणि त्या ठिपक्याकडे बघून जोरजोराने हात हलवायला लागला. मग त्याच्या शेजारचा उठला. मग सगळा वर्ग. फूटपाथवर उभी राहून ती सगळी पोरं रिकाम्या रस्त्याच्या टोकाला हात करत होती.

गेटवरचा चौकीदार धावत आला. "मॅडम जी, कौन आ रहा है?"

हर्ष म्हणाला, "कोई नहीं, अंकल. बस बता रहे हैं कि हम हैं."

*

सोनाली शिर्के. तिचे वडील फौजेत हवालदार, गाव साताऱ्याकडचं. फौजी कुटुंबांची बस यायची, त्यातून ही यायची. माझ्याशी मराठीत बोलायला मिळतं म्हणून डबा खायला आर्ट रूममध्ये यायची. मराठी तिचं असं, "बाई, मी ना तिकडे गिर गेली, पण मला बिल्कुल लागलं नाही."

मातीकामाचा तास होता. कोणी गाडी केली, कोणी गणपती, कोणी नुसतेच गोळे. सोनालीने बूट केले. फौजी बूट, घोट्याच्या वरपर्यंत, जोडी. चामड्याला पडलेल्या सुरकुत्या, झिजलेली टाच, सगळं! वडील तेव्हा दूर बर्फातल्या कुठल्याशा चौकीवर. बूट समोर नव्हते, फोटो नव्हता. ती आठवणीतून घडवत होती. वाळल्यावर आम्ही ते खिडकीत ठेवले. येणारा-जाणारा थबकायचा.

काही महिन्यांनी वडील सुट्टीवर आले आणि आईसोबत शाळेत आले. उंच, सावळा, ताठ माणूस. बुटांसमोर उभे राहिले. आई पदर तोंडाला लावून म्हणाली, "आवं, ह्ये तर तुमचंच हायत."

हवालदारांनी वाकून बारकाईने बघितलं. एखाद्या जवानाची तपासणी चालू असावी तसं. मग म्हणाले, "झ्याक हायती. पर एक चूक झालीया, बाई. उजव्या बुटाची नाडी. आमच्यात अशी बांधत न्हाईत. एक भोक सुटलंय बगा."

सोनाली म्हणाली, "बाबा, तुम्ही गेलात ना, त्या सकाळी अशीच होती. गाडी आली होती, तुम्ही जल्दी जल्दी बांधली."

ते सरळ उभे राहिले.  मग आपल्या पायातल्या बुटांकडे बघितलं आणि मुलीला म्हणाले, "ये, तूच बांध."

आणि पाय पुढे केला.

*

अनूप काही वर्षांनी आला, सहावीत मध्येच. त्याचं कुटुंब काश्मीरमधलं घर सोडून आलेलं. आई, वडील, आजोबा आणि हा, सगळे जवळच्या गावठाणात भाड्याच्या एका खोलीत. त्याच्या आईने मला सांगितलं होतं. आजोबांच्या आता काही लक्षात राहत नाही. रोज संध्याकाळी शाल पांघरून दारात बसतात आणि म्हणतात, "चलो, घर चलते हैं." मग अनूपचे वडील त्यांना हात धरून गल्लीभर फिरवून आणतात. खोलीशी परत आले की दादाजी आत डोकावून बघतात आणि म्हणतात, "ये नहीं."

रोज. "ये नहीं."

वार्षिक प्रदर्शनासाठी अनूप म्हणाला, "मॅम, मुझे घर बनाना है. बड़ा." तो निघाला तेव्हा फार लहान होता. त्याला घर नीटसं आठवत नव्हतं. मग तो रोज आजोबांना विचारून यायचा. दादाजींना सकाळी काय खाल्लं ते आठवत नसे, पण खिडक्या सगळ्या आठवत होत्या. अनूप यायचा आणि सांगायचा, आज जाळी कळली. आज अक्रोडाचं झाड कळलं. दार कुठल्या बाजूला उघडतं ते कळलं. चार्ट पेपर चिकटवत चिकटवत चित्र त्याच्याहून उंच झालं. उतरतं छप्पर, लाकडी जाळीच्या खिडक्या, काळपट दार, दाराला पितळी कडी. मी फक्त तपकिरी रंगाच्या बाटल्या पुरवत होते. त्या दिवसांत त्याला काही सुचवायची माझी हिंमत झाली नाही.

लावताना मात्र त्याने हट्ट धरला. सगळ्यांची चित्रं डोळ्यांच्या उंचीवर, याचं जमिनीला टेकून. "मॅम, सीढ़ियाँ ज़मीन से शुरू होनी चाहिए ना."

डिसेंबरचं कोवळं ऊन होतं. शेड पालकांनी भरलेली. बक्षी मॅडम रेशमी साडीत, त्यागी सर कोटात. अनूपची आई दादाजींना घेऊन आली. घरी एकटं ठेवणार कसं? अनूपने त्यांचा हात धरला आणि त्यांना चित्रासमोर नेऊन उभं केलं.

दादाजी बघत राहिले. अनूपचं तोंड पांढरं पडलं होतं. त्याची आई माझ्या कानाशी पुटपुटली, "अब कहेंगे, ये नहीं. बच्चे का दिल टूट जाएगा." मी तिचा हात धरला. 

दादाजी पुढे झाले. रंगवलेल्या कडीवर बोट टेकवलं. वरच्या खिडकीकडे मान करून पाहिलं. मग खाली वाकले आणि सावकाश बूट काढले. एक, मग दुसरा. चित्रातल्या पायरीशेजारी नीट जोडीने ठेवले. शाल सावरली आणि दाराला पाठ टेकून, सिमेंटच्या जमिनीवर मांडी घालून बसले.

आम्ही सगळे चित्रासमोर उभे होतो.

त्यांनी आमच्याकडे बघितलं. सगळ्यांकडे, एकेकाकडे. कपाळाला आठी पडली.

"आप लोग बाहर क्यों खड़े हैं? ठंड है. अंदर आइए." मग नातवाकडे वळून, "अनूप, मेहमान आए हैं. चाय बोल दो."

अनूप कँटीनकडे धावत सुटला.

बक्षी मॅडमनी सँडल काढल्या, दादाजींच्या बुटांशेजारी ठेवल्या, आणि आत गेल्या.